गुरुवारचा शुगरचा वर्ग

गायत्री सोनवणे सुरतेच्या लिंबायतमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात सतरा वर्षं नर्स होती. गुरुवार हा शुगरच्या पेशंटांचा दिवस. सकाळी आठपासून बाकं भरायची. पॉवरलूमवर बारा-बारा तास उभे राहणारे कारागीर, घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या बाया, खानदेशातल्या शिरपूर-साक्रीकडून मुलाकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या. गायत्री बोट टोचायची, आकडा लिहायची आणि केसपेपर डॉक्टर ललित चौधरींच्या टेबलावर सरकवायची. डॉक्टर माणूस चांगले होते, पण समोर नव्वद पेशंट असले की एकेकाच्या वाट्याला दोनच मिनिटं येत.

एप्रिलच्या शेवटी एका गुरुवारी पुष्पाबाईंचा आकडा आला चारशे बारा.

"इंजेक्शन घेत नाही तुम्ही," डॉक्टर केसपेपरवरून नजर न काढता म्हणाले.

"रोज लेस ना मी. दोन्ही टाईम," पुष्पाबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या.

"मग गोड खाताय."

"चहामा बी साखर टाकत नही, साहेब!"

डॉक्टरांनी मान हलवली, डोस वाढवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुष्पाबाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या. गच्चीवर उभं राहून तिसऱ्या गल्लीतल्या माणसाला झापतील असा त्यांचा आवाज. पण त्या दिवशी त्या दवाखान्याच्या पायरीवर गुपचूप बसून राहिल्या. गायत्री औषधाची पिशवी द्यायला बाहेर आली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मी खोटं बोलस का, सिस्टर?"

तो प्रश्न गायत्रीचा पिच्छा सोडेना. दुपारी ड्युटी संपल्यावर ती घरी न जाता पुष्पाबाईंच्या मागोमाग त्यांच्या गल्लीत गेली. पत्र्याची खोली, आत रात्रपाळी करून आलेले त्यांचे मालक हिलाल झोपलेले, दाराशी कापायच्या साड्यांचा ढीग.

"सुई कशी भरता ते दाखवा मला," गायत्री म्हणाली. "बाटली कुठंय?"

"सुमनना घर शे. आमनाकडे फ्रीज कोठे?"

शेजारच्या सुमनच्या घरी जाऊन पुष्पाबाईंनी फ्रीजचा वरचा खण उघडला आणि बर्फाच्या ट्रेमागून बाटली काढून अभिमानानं पुढं धरली. "एकदम मागे ठेवस. तठे सर्वात थंड शे!"

बाटली दगडासारखी गोठलेली होती.

"रोज टोचायच्या आधी काय करता?"

"तळहातवर धरस, पानी व्हयनं का टोचस."

"बर्फात ठेवायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

पुष्पाबाईंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. "तूच सांगेल व्हतं ना! थंड जागामा ठेवजा म्हने."

गायत्रीला आठवलं नाही, आणि आठवायची गरजही नव्हती. इन्सुलिन सुरू होणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगायची. थंड जागेत ठेवा. तीन शब्द, आणि पुढचा नंबर. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, हे तिला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ते फक्त तिलाच माहीत होतं. ही बाई मात्र चार महिने दिवसातून दोनदा स्वतःला टोचून घेत होती आणि वर खोटारडी ठरत होती.

ती सुमनच्या उंबऱ्यावरच बसली. "चूक माझी आहे, पुष्पाबाई. तुमची नाही."

"हात्! तुन्ही काय चूक?" पुष्पाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं.

मग गायत्रीच्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली आणि ती उठून जवळजवळ पळतच दवाखान्यात परतली. डॉक्टर निघायच्या तयारीत होते.

"सर, पुष्पाबाईंचा वाढवलेला डोस थांबवा. त्यांचं इन्सुलिन गोठलेलं होतं, बिनकामाचं. आजच्या पिशवीत मी नवी बाटली दिलीय. तिच्यातून वाढवलेला डोस गेला तर शुगर धाडकन खाली येईल."

डॉक्टरांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली.  मग त्यांनी केसपेपर मागवला, डोस पहिल्यासारखा केला आणि म्हणाले, "सिस्टर, आणखी किती जणांचं असं असेल?"

त्या आठवड्यात गायत्रीनं अकरा घरं पाहिली. दोघांकडे बाटली गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर होती. एक आजोबा महिनाभर एकच सुई वापरत होते आणि ती बोथट झाली की पायरीच्या दगडावर घासत होते. एक बाई भाकरी बंद करून फक्त बिस्किटं खात होत्या, कारण दवाखान्याच्या कागदावर ओट्स आणि ब्राऊन ब्रेड लिहिलं होतं आणि त्यांना ब्रेडच्या जवळचं बिस्किटच वाटलं होतं.

मे महिन्यात डायबिटीस एज्युकेटरच्या कोर्सची जाहिरात आली. सहा महिने, दर रविवारी, गुजरातीतून आणि इंग्रजीतून. गायत्री चव्वेचाळीस वर्षांची होती. फॉर्म भरताना तिचा हात दोनदा थांबला, पण मुलगी प्रियांका शेजारीच बसली होती. "आई, इंग्रजी मी बघते. तू सही कर."

वर्गात बावीस जणी होत्या आणि त्यात गायत्री वयानं सगळ्यांत मोठी. शिकवायला हेतलबेन होत्या, पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या सुरती बाई. पहिल्याच रविवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, "समजलं का?" आणि त्यावर भली मोठी फुली मारली.

"हा प्रश्न कोर्सभर कुणी विचारायचा नाही," त्या म्हणाल्या. "पेशंट नेहमी हो म्हणतो. त्याला तुम्हाला नाराज करायचं नसतं. त्याऐवजी म्हणायचं, करून दाखवा."

गायत्रीनं वहीत ते ठळक अक्षरांत लिहून घेतलं.

रविवार मागून रविवार गेले. पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये काम करणारे तिचे यजमान दीपक रविवारची खिचडी करायला शिकले. पहिल्या तीन रविवारी ती खाली लागली, चौथ्या रविवारी जमली. गायत्री बसमध्ये बसल्या-बसल्या पाठ करायची. पायांची तपासणी, शुगर एकदम उतरली तर काय करायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा का मोजायचं. वर्गातल्या तरुण मुलींना तिच्या वह्यांमधल्या नोट्स हव्या असत, कारण तिची उदाहरणं खऱ्या माणसांची असत.

डिसेंबरमध्ये शेवटची परीक्षा झाली. प्रत्येकीनं आपल्या भागातल्या पेशंटांचा अर्ध्या तासाचा वर्ग घ्यायचा आणि हेतलबेन मागे बसून मार्क देणार. गायत्रीनं पुष्पाबाईंच्या गल्लीतल्या गणपतीच्या देवळाची ओसरी ठरवली. चौदा बाया आल्या, आपापल्या साड्या आणि कात्र्या घेऊनच. हात थांबवणं कुणाला परवडत नव्हतं.

गायत्रीनं रात्रंदिवस घोकलेलं सुरू केलं. रंगीत तक्ते लावले. शुद्ध, पुस्तकी भाषेत ती स्वादुपिंडाबद्दल बोलू लागली. बाया माना डोलवत होत्या, कात्र्या कचाकच चालत होत्या. दहा मिनिटांनी तिला घाम फुटला. समोर चौदा माना एकाच लयीत हलत होत्या आणि डोळे मात्र धाग्यावर होते. तिच्या तोंडून निघून गेलं, "समजलं का?"

"हो!" चौदा आवाज एकदम आले.

मागे हेतलबेननी वहीत काहीतरी लिहिलं. गायत्रीला आपले कान गरम झालेले जाणवले. तिनं तक्त्यावर दाखवायची पट्टी खाली ठेवली, एक रिकामी बाटली आणि सुई उचलली आणि म्हणाली, "पुष्पाबाई, तुम्ही या. करून दाखवा."

पुष्पाबाई साडी बाजूला सारून उठल्या. त्यांनी बाटली हातात घेतली, बायांकडे तोंड केलं आणि तिसऱ्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"दखा वं बहिनीसहोन! हाई बाटली. हाईले बरफमा ठेवानं नही. मी ठेयेल व्हती. चार महिना पानी टोचं मी, पानी! साहेब म्हने खोटं बोलस." बाया हसल्या. कात्र्या थांबल्या. "आते काय करस? माठमा वल्ली वाळू, वाळूमा डबी, डबीमा बाटली. टोचाना पहिले हातवर अशी फिरावानी, गदगद हलावानी नही. सारखी दुधानागत दिसनी तं चांगली. गुठळी दिसनी का फेकी देवानी."

"मन्ही बाटलीमा गुठळ्या शेतस," मागून एक म्हातारी हळूच म्हणाली.

"मंग घरमा कसाले ठेयेल शे? उद्या दवाखानामा ली ये!"

आणि मग प्रश्नांचा पाऊसच पडला. अक्षय्य तृतीयेला मांडे खायचे की नाही? कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी चालते का? उपवासाच्या दिवशी सुई घ्यायची का? पुष्पाबाई येत होतं तेवढं सांगत होत्या, अडलं की गायत्रीकडे वळत होत्या. उपवासाच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "सुई घेवानी नही, झायं!" तेव्हा गायत्री पटकन मधे आली. "थांबा, ते असं नाही. स्वतःच्या मनानं सुई बंद करायची नाही, उपवासाच्या आधी दवाखान्यात येऊन विचारायचं." पुष्पाबाईंनी लगेच ते आपल्या भाषेत पुन्हा सांगितलं, दुप्पट मोठ्यानं.

अर्धा तास संपला तेव्हा गायत्रीनं हिशेब केला, आपण जेमतेम बारा मिनिटं बोललो. परीक्षा गेली.

हेतलबेन जवळ आल्या. "पहिली दहा मिनिटं फार वाईट होती," त्यांनी सरळ सांगितलं. "तो भाग तुम्हाला पुन्हा द्यावा लागेल. दोन आठवड्यांनी या." गायत्रीनं मान खाली घातली. "आणि येताना या बाईंना घेऊन या. माझ्या पुढच्या बॅचला त्यांना ऐकू द्या."

पुष्पाबाईंना हे गुजराती बरोबर कळलं होतं. "येस मी," त्या म्हणाल्या, "पन खुर्ची पाहिजे. खाल बठीसन घुडगा दुखतस."

दोन आठवड्यांनी गायत्रीनं वर्ग पुन्हा घेतला, अहिराणीत, तक्त्यांशिवाय, आणि पास झाली. पुष्पाबाईंना खुर्ची मिळाली.

जानेवारीत ट्रस्टनं ठरवलं की लिंबायत, उधना आणि पांडेसरा या तिन्ही दवाखान्यांत शुगरचे वर्ग सुरू करायचे. मीटिंगमध्ये डॉक्टर ललित म्हणाले, "प्रमुख म्हणून आपल्या फार्मसीतल्या नितीनचं नाव द्यावं म्हणतो. तरुण आहे, कॉम्प्युटर येतो. सिस्टर त्याला मदत करतील."

गायत्री सतरा वर्षांत मीटिंगमध्ये कधी बोलली नव्हती. चहा आल्यावर तो सगळ्यांना मिळाला का, एवढंच ती बघायची. आजही कपाकडे तिचा हात गेला होता. तिनं तो मागे घेतला.

"सर, प्रमुख मी होईन," ती म्हणाली. आवाज थोडा चिरका आला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "मी होईन प्रमुख. कोर्स मी केलाय. घरं मी पाहिलीत. नितीनभाऊ कॉम्प्युटरचं बघतील, ते मला जमणार नाही."

नितीन खुर्चीत सैलावून बसला. "मला चालेल, सिस्टर. खरं तर लोकांसमोर बोलायचं म्हटलं की मला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही."

सगळे हसले आणि डॉक्टरही हसले. "आणखी काही?"

"आहे ना. गुरुवारचा पहिला तास माझा. त्या तासात केसपेपर निघणार नाहीत. पुष्पाबाईंसारख्या बाया प्रत्येक दवाखान्यात नेमायच्या, त्यांना ट्रेनिंग द्यायचं, त्यांचं नाव पाटीवर लिहायचं. आणि सर, महिन्यातून एकदा तुम्ही वर्गाला बसायचं. खाली, बाकावर."

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. पण त्यांना गोठलेल्या बाटलीची ती दुपार आठवली असावी. "बसतो," ते म्हणाले.

उधन्याच्या दवाखान्यातला पहिला वर्ग पुरुषांचा होता. तीस-पस्तीस लूम कारागीर, कानठळ्या बसवणाऱ्या यंत्रांत आयुष्य गेलेले, म्हणून सगळेच जरा मोठ्यानं बोलणारे. दारातच पुष्पाबाईंचे पाय अडखळले. "एवढा माणसं? सिस्टर, सुरुवात तू कर."

"नाही. तुम्हीच करा. मी इथंच आहे."

पुष्पाबाईंनी पदर खोचला आणि त्या पुढं गेल्या. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापत होता, तिसऱ्याला नाही. मागच्या बाकावर डॉक्टर ललित दोन कारागिरांच्या मधे दाटीवाटीनं बसले होते.

वर्ग रंगात आला तेव्हा भटू नावाच्या एका उंच माणसानं हात वर केला. "बाई, मन्ही एक हप्ता दिवसपाळी, एक हप्ता रातपाळी. रातपाळीले मी सकाळी झोपस, दुपारी उठीसन जेवस. कागदवर लिखेल शे, सकाळी नास्ताना पहिले सुई. मन्हा नास्ता कव्हय?"

पुष्पाबाईंनी गायत्रीकडे पाहिलं. गायत्रीनं क्षणभर विचार केला. कोर्सच्या वहीत याचं उत्तर नव्हतं.

"मला माहीत नाही, भाऊ," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पण ज्यांनी तो कागद लिहिलाय ते तुमच्या मागेच बसलेत. सर?"

सगळ्या माना मागे वळल्या. डॉक्टर उठून उभे राहिले. "मीही कधी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "कुणाची कुठली पाळी, हे मी कुणालाच विचारलेलं नाही. हात वर करा बरं. पाळी बदलणारे किती?"

जवळजवळ सगळेच हात वर गेले.

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. "एकेक जण या. पाळी सांगा, जेवणाच्या वेळा सांगा, झोप सांगा. ज्याचा डोस बदलायचा त्याचा मी आज बदलतो. सिस्टर, केसपेपरवर एक नवा रकाना करायला हवा."

"नितीनभाऊ करतील," गायत्री म्हणाली.

बाकं सरकली, रांग लागली. भटू सगळ्यांत पुढं उभा राहिला. पुष्पाबाई रांगेच्या कडेनं फिरत प्रत्येकाला दरडावत होत्या, "बूट काढी ठेवा, पाय दखाडा, आज पायबी दखाना शे!" आणि मोठमोठे बाप्ये मुकाट्यानं वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडत होते.