नाण्याच्या जाडीएवढी ढील

शिंपीमास्तरांना सैल काही खपत नसे. टाका घट्ट, दोरी घट्ट. नळाची तोटी अशी आवळत, की ती सोडवायला शेजाऱ्याला हाक मारावी लागे. दर रविवारी जुनी मोटारसायकल पुसून झाली, की क्लचच्या लिव्हरपाशी तार ताणायची जी चकती असते, ती ते हलकेच पिळत. लिव्हर कशी, बोट लागताच जागी व्हायला हवी.

त्या गाडीचा क्लच आता दुसऱ्यांदा जळला होता.

पहिल्यांदा जळला, त्याला तेरा वर्षं झाली. तेव्हा गाडी बायकोच्या हाती होती. दवाखान्याच्या धुलाईघरात ती कामाला. दोन महिन्यांत गाडी शिकली आणि पहाटपाळीला स्वतः जाऊ लागली. एक दिवस चढावर इंजिन नुसतंच बोंबललं, चाक काही पुढे सरकेना. गॅरेजात चारचौघांत मास्तर म्हणाले होते, गाडी चालव म्हटलं, तर हिनं क्लचच खाल्ला! सगळे हसले, तीही थोडी हसली. दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली खिळ्याला अडकवली आणि पायी निघाली. पुढे पाहुणा आला, की मास्तर ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगत. ती पाणी आणायला आत जाई.

आज त्याच गॅरेजात मिस्त्रींनी ऑइल काढलं, उजवं झाकण उतरवलं, स्प्रिंगा सोडल्या आणि एकेक प्लेट कागदावर मांडली. काळ्या पडलेल्या, जळका वास मारणाऱ्या. मग त्यांनी लिव्हर चाचपली.

"मास्तर, हिला ढीलच नाही."

"नसणारच. मी ठेवतच नाही."

मिस्त्रींनी शांतपणे समजावलं. तार कायम ताणलेली म्हणजे क्लच कायम अर्धा दाबलेला. प्लेटा घसरतात, घासतात, शेवटी जळतात. नाण्याच्या जाडीएवढी तरी ढील लागतेच.

मास्तरांनी एक काळी प्लेट उचलली. "म्हणजे, मागच्या वेळीही?"

"मी सांगणार होतो हो," मिस्त्री नव्या प्लेटा ऑइलात बुडवत म्हणाले. "पण तुम्ही रंगात आला होता. सगळे हसत होते. राहून गेलं."

मास्तर दुरुस्त गाडी घेऊन घरी आले, तेव्हा बायको दुपारपाळीला निघायच्या तयारीत होती. क्लच तू नव्हता जाळलास, हे सांगताना एरवी गोष्ट घोळवून सांगणारा माणूस तीनदा अडखळला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं? तुम्ही इतकं खरं करून सांगायचात, मलाही वाटायला लागलं, आपल्या हातालाच अक्कल नाही."

मास्तरांनी किल्ली पुढे केली. आज तू घेऊन जा, म्हणाले. ती जराशी थांबली, मग बाहेर आली आणि गाडीवर बसली. तोंडावर क्षणभर ऊन पडल्यासारखं झालं. डावा हात लिव्हरवर गेला. तेरा वर्षं ओल्या चादरी पिळलेली बोटं. सांधे बोरांएवढे सुजलेले. लिव्हर निम्म्यावर आली आणि थांबली. तिनं ओठ दाबून पुन्हा जोर लावला.

"मिटत नाहीत हो आता."

"थांब, तार थोडी आवळतो. मग निम्मी दाबलीस तरी चालेल."

"पुन्हा जळेल ना."

"जळू दे गं."

"नको," ती उतरत म्हणाली. "पहाटे रस्ता मोकळा असायचा. वाटायचं, उजाडतंय ते आपल्यासाठीच. तेवढंच हवं होतं मला. ते आता दुपारी कुठून यायचं?"

पिशवी खांद्याला लावून ती चालू लागली. मास्तरांनी गाडी तशीच सोडली आणि मागोमाग निघाले. ती न बोलता सवयीच्या पायांनी भराभर चालत होती. दुसऱ्या वळणावर त्यांना धाप लागली.

"अजून किती आहे गं?"

"अर्धी पण नाही झाली वाट," ती म्हणाली.