कॅरेजवरचा नंबर

परीक्षेच्या सकाळी तपासणीचे साहेब खिडकीजवळच्या टायपिंग मशीनवर वाकले आणि बराच वेळ सरळ झालेच नाहीत. भागिरथाबाई दोन पावलं पुढे सरकल्या.

मंगरूळपीरच्या बाजारामागे त्यांचा टायपिंगचा क्लास होता. बौद्धवाड्यातली बाई सरकारी परीक्षेचं केंद्र चालवणार म्हणून कित्येकांनी नाकं मुरडली होती. यंदा पहिल्यांदाच मंजुरी मिळाली होती. बाहेर ओट्यावर मुली बोटं चोळत उभ्या होत्या.

"बाई, या मशीनच्या धडावर एक नंबर आहे आणि वर सरकणाऱ्या कॅरेजवर दुसराच," साहेब म्हणाले. "शेजारच्या मशीनचंही तेच. चोरीचे भाग जोडून मशिनी उभ्या करतात लोक. मंजुरी नंबरावर मिळते. या दोन्ही चालणार नाहीत."

"साफसफाईत अदलाबदल झाली असंल साहेब. मेकॅनिक इथंच हाये. आत्ता सरळ करून देतो आमी."

"मी तहसिलीतून पेपर घेऊन येतो. तोवर झालं तर ठीक. नाहीतर दोन मुली घरी."

साहेबांची पाठ वळताच हरिसिंग मेकॅनिकनं पेचकस काढला. चूक त्याचीच होती. तेलपाणी करताना त्यानं सगळ्या कॅरेज एका टेबलावर मांडल्या होत्या. पहिली कॅरेज जागेवर बसली. दुसरी बसवताना तिला ओढणारा पट्टा ताणला गेला आणि फट्‌कन तुटला.

हरिसिंगच्या कपाळावर घाम डवरला. "नवा पट्टा अकोल्याशिवाय भेटत नाई, बाई."

"मंग?"

त्यानं पेटीतून आकड्यांचे लोखंडी ठसे काढले. आवाज खाली आणला. "बाजूले ती मोडकी मशीन पडली हाये. तिचा पट्टा चांगला हाये, पन कॅरेजले पक्का ठोकेल हाये, सुटा निघत नाई. पट्ट्यासकट कॅरेजच लावतो. जुना नंबर घासतो, नवा ठोकतो. कोनाले कळनार नाई."

भागिरथाबाईंनी दाराकडे पाहिलं. विजयमाला दाराशीच उभी होती. तीच त्या मशीनवर बसायची. वाशीमकडच्या मालेगावहून पहिल्या एस्टीनं आली होती. बापाला न सांगता, आईच्या भरवशावर. पुन्हा परीक्षेला यायला घरचे सोडणार नव्हते. 'ठोक' हा शब्द बाईंच्या जिभेवर खरंच आला होता.

"ठेव ते," त्या म्हणाल्या. "उद्या हे बाहीर आलं त साऱ्या पोरींचा निकाल रद्द होईन."

"मंग पट्टा कुठून आनू?"

बाईंची नजर मागच्या खोलीकडे गेली. तिथं दोरीवर त्यांचा नवा परकर वाळत होता. त्या धावत गेल्या आणि सुताची चपटी नाडी सर्रकन ओढून आणली. "ही लाव."

हरिसिंग थबकला. मग त्यानं नाडी हातात घेऊन दोन झटके देऊन पाहिली आणि कामाला लागला. गाठ मारतो तोच साहेब दारात उभे.

बाईंनी काहीच झाकलं नाही. पट्टा तुटला, नाडी लावली, सांगून टाकलं. साहेबांनी दोन्ही ठिकाणचे नंबर पाहिले, कॅरेज सरकवून पाहिली. "नंबर जुळतात," ते तुटकपणे म्हणाले. "पण मधेच तुटली तर मी वेळ वाढवून देणार नाही. मुलीला सांगा."

"मले चालते," विजयमाला दारातूनच म्हणाली.

घंटा झाली. खोलीभर खडखडाट उसळला. भागिरथाबाई भिंतीला टेकून फक्त त्या एका नाडीकडे पाहत होत्या. ओळ संपली की विजयमाला दांडी ढकलायची, आणि दर वेळी बाई मनातल्या मनात ओळ मोजायच्या. मध्येच कॅरेज अडखळली. हरिसिंगनं डोळे मिटून घेतले. पोरीनं तळव्यानं हलका धक्का दिला, कॅरेज सुटली, आणि ती पुन्हा टाइप करू लागली.

शेवटची घंटा होईपर्यंत नाडी टिकली.

निकालात विजयमाला जेमतेम पास झाली. त्या अडखळण्यात तिचे काही शब्द गेले होते. साहेबांनी अहवालात मशिनींबद्दल शेरा मारला, आणि पुढच्या खेपेचं केंद्र दुसऱ्या क्लासला दिल्याचं पत्र आलं. बाईंनी आठवडाभर त्या मशीनवर कापड टाकून ठेवलं. मग एका सकाळी हरिसिंग अकोल्याहून नवा पट्टा घेऊन आला. बाईंनी मशीन त्याच्यापुढे सरकवली आणि दोघांसाठी चहा ठेवायला आत गेल्या.