पाटीवर मी गाय आहे

मित्रांनो, मी रोही आहे. वयाने जुना, स्वभावाने त्याहून जुना. 'मित्रांनो' म्हणायची अशा लेखनात रीत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीला येऊन मला चिप्सची रिकामी पाकिटे फेकून मारली आहेत. ती मैत्री माझ्या लक्षात आहे.

अंग घोड्याचे, दाढी बोकडाची, शिंगे वीतभर आणि रंग पावसाळी ढगासारखा, असा माझा नमुना आहे. परभणीकडच्या शेतकऱ्याला माझी ओळख करून द्यावी लागत नाही. सकाळी त्याच्या तुरीत जी मोकळी जागा दिसते, ती मी.

माझा जन्म झरीकडच्या रानातला. लहानपणी मी एका कोरड्या विहिरीत पडलो. गावकऱ्यांनी दोर लावून मला वर काढले. इथवर माझी कोणाबद्दल तक्रार नाही. पण वर काढल्यावर भगवानराव पुढे आले, त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "आता याला आपण सांभाळू." माझी आई बांधापलीकडे उभी होती. तिचे मत कोणी विचारले नाही.

भगवानराव हे संस्थाचालक. पेडगाव आणि झरी यांच्या मधल्या आमच्या गावात त्यांनी ग्रामीण प्राणिसंग्रहालय काढले. आधी ससे आणले. मग मोर आला. माकड शेंगदाण्यासाठी आपल्या पायांनी आले होते, त्याच्यामागे दार लावून घेतले. पुढे कापसाच्या जुन्या गोदामात वन्यजीव वस्तुसंग्रहालयही निघाले. तिथे भुसा भरलेला एक तरस आहे. शिवणाऱ्याचा हात जरा ओढला गेल्यामुळे तो कायम हसतो. त्याच्याखाली 'वाघ (लहान)' असे लिहिलेले होते. बरणीतल्या सापाची चिठ्ठी गळून पडली, तेव्हापासून तो मागणीप्रमाणे नाग किंवा घोणस असतो.

शाळांच्या सहली येऊ लागल्या. पाहुणे भाषणात म्हणत, "मराठवाड्यात असं दुसरं ठिकाण नाही." ते खरे होते. माझाही फोटो पेपरात छापून आला. त्यात मी भगवानरावांच्या मागे आहे, एक कान दिसतो.

या कौतुकाच्या काळात माझ्या हौदाला शेवाळ चढले. कडबा टाकायला आश्रुबा नावाचा गडी होता. आश्रुबा वाईट नव्हता, कडबा वाईट होता.

मग विस्ताराची योजना आली. फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर हत्ती, जिराफ, बोटिंगचे तळे आणि भगवानराव होते. भगवानराव हत्तीपेक्षा मोठे होते. या सगळ्यांना राहायला जागा पाहिजे होती, आणि पिंजऱ्याला लागून गावाचे गायरान होते.

त्या गायरानात केवळाबाईच्या शेळ्यामेंढ्या चरत. केवळाबाई म्हणजे गावातली म्हातारी धनगरीण. तिला दुसरे रान नाही. आहे तो ज्वारीचा एक तुकडा, तोही पाऊस बरा झाला तर. गायरान गेले असते तर तिचा कळप उन्हाळ्याच्या आत खाटकाच्या टेम्पोत चढला असता. हे गावात सगळ्यांना माहीत होते, भगवानरावांनाही. ते म्हणत, "विकासात थोडं इकडं-तिकडं होतं."

अडचण एकच होती. गायरान गुरांसाठी राखलेले असते, हत्तीसाठी नसते. भगवानराव दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी सिद्धोधन पेंटर शिडी घेऊन आला. माझ्या पिंजऱ्यावरची 'रोही' ही अक्षरे त्याने पुसली आणि तिथे 'नीलगाय' हे माझे पुस्तकी नाव लिहिले. खाली छोट्या अक्षरांत 'गोमाता' लिहिले. मी नर आहे, मित्रांनो.

भगवानरावांनी ग्रामसभेत समजावून सांगितले, "गायरान कुणासाठी? गाईसाठी. मेंढी गाय आहे का? नाही. शेळी आहे का? नाही. नीलगायीत मात्र गाय आहे, नावातच आहे. म्हणजे हक्क कुणाचा?"

सभेत माना डोलल्या. नावातच आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी केवळाबाई कुंपणापाशी आली आणि मला खालून वर न्याहाळत राहिली. भगवानराव तिथेच होते. तिने त्यांना लहानपणी उघड्या अंगाने गल्लीत खेळताना पाहिलेले असल्यामुळे ती त्यांना राव म्हणत नसे.

"भगवान, ही गाय हाय व्हय रे?"

"हो मावशी. शास्त्रात तसंच नाव आहे."

"मंग दूध किती देते?"

"ती दुधाची नाही, दर्शनाची आहे."

"आस्सं," केवळाबाई म्हणाली. "लय दिस झाले, दर्शनाला कुनी पेंड घातलेली दिसत न्हाई." आणि ती गेली.

वसुबारसेला तहसीलचे साहेब जागेची पाहणी करायला येणार होते. त्या दिवशी गायीची पूजा असते. भगवानरावांनी मुहूर्त बरोबर साधला. मला धुतले, शिंगांना गेरू लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली. ती मी लगेच खाल्ली, म्हणून दुसरी आणली. गावातल्या बायका ताटे घेऊन आल्या. सर्वांत पुढे कडूबाई होती. ती गजांतून माझ्या पायांवर पाणी घालायला वाकली, तिथेच थबकली, आणि उठून शेजारणीला म्हणाली, "आगं बया, ह्यो तर गोऱ्हा हाय."

"गोवंश म्हणजे सगळं आलंच," भगवानराव घाईने म्हणाले.

साहेब तोवर येऊन वही उघडून उभे होते. तेवढ्यात केवळाबाई कळप घेऊन आली. पुढच्या मेंढीच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी होती. तिच्यावर 'लोकरगाय' असे लिहिले होते. अक्षर सिद्धोधनचेच, रंगही माझ्याच पाटीवरचा उरलेला.

"हे काय आहे, आजी?" साहेबांनी विचारले.

"गाय हाय सायेब. लोकरगाय. तिकडल्या त्या बोकडगायी." तिने शेळ्यांकडे हात केला. "नावातच हाय."

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मावशी, चेष्टेचा विषय नाही हा," भगवानराव म्हणाले. "साहेब, ही प्रत्यक्ष गाय आहे. मी छातीवर हात ठेवून सांगतो."

"मंग कोंडली कामून?" केवळाबाई म्हणाली. "आमच्या गावात गाय सकाळी रानात जाते अन् दिस बुडायला आपल्या पायानं घरला येते. सोड की तिला. गायरान तिचंच हाय म्हनतूस ना?"

"तिची प्रकृती जरा नाजूक आहे."

"सोडा," साहेब म्हणाले. "गाय असेल तर येईल संध्याकाळी. नाही आली तर बघू."

छातीवरचा हात काढून भगवानरावांनी आश्रुबाला खूण केली. दार उघडले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी गरीब केवळाबाईला वाचवायला निघालो, असे तुमच्या पुस्तकात कोणी लिहिले तर ते खोडा. केवळाबाई माझी कोणी नाही. ती रोज मेंढ्या घेऊन माझ्यासमोरून जायची आणि मी आतून हिरवे गवत बघायचो, एवढाच आमचा संबंध. मी निघालो, कारण गायरानापलीकडे तूर फुलात होती.

मी गायरानातून चालत गेलो. मेंढ्यांनी वाट दिली. मागे भगवानराव साहेबांना सांगत होते, "बघा, कशी शांत चरायला निघाली. संस्कार आहेत." मी वेग घेतला, तारेवरून उडी मारली आणि तुरीत उतरलो. तूर उत्तम होती. इतक्या वर्षांच्या कडब्यानंतर काय चव लागली, ते लिहायला तुमच्या भाषेत शब्द नाही. मी शेंडे खाल्ले, फुले खाल्ली, उरलेल्यावर लोळलो.

तूर भगवानरावांची होती.

"आश्रुबा, ए आश्रुबा! रोही शिरला, रोही! हान त्याला, तूर खाल्ली समदी!"

संस्थाचालकांची भाषा गळून पडली आणि आत राहिलेला शेतकरी ओरडला. या भागात पिकात कधीच 'नीलगाय' शिरत नाही, मित्रांनो. रोहीच शिरतो. ते नाव आधी जिभेवर येते, अक्कल मागून.

साहेबांनी पेनाचे टोपण काढले.

"काय शिरलं म्हणालात?"

"नील..." भगवानराव म्हणाले, आणि थांबले.

"रोही म्हनला, सायेब," केवळाबाई म्हणाली. "तुमी बी आयकलं."

साहेबांनी लिहिले. लांबून मला वाचता आले नाही, पण शब्द लहान होता. मग त्यांनी मान वर केली आणि शांतपणे विचारले, "रोही वन्यप्राणी आहे. तो इतकी वर्षं कुणाच्या परवानगीनं कोंडला होता?" याचे उत्तर फ्लेक्सवर नव्हते.

गायरान गावाकडेच राहिले. वनखात्याची गाडी आली तेव्हा माकडाने आधीच मुक्काम हलवला होता. लोकरगायीची पाटी दुसऱ्या मेंढीने खाल्ली. भुशाचा तरस अजून गोदामात हसत उभा आहे, त्याच्यासाठी परवानगी लागत नाही असे भगवानरावांचे म्हणणे आहे.

मी आता रानात असतो. परवा केवळाबाईच्या ज्वारीत शिरलो, तर तिने गोफण फिरवली. दगड बरगडीला लागला. तिने माझ्या आईवरूनही काही सांगितले. मी निघून आलो. तिच्या मेंढ्या गायरानात चरत होत्या. आमच्यात याहून जास्त ओळख वाढावी असे दोघांनाही वाटत नाही.

शेवटी काहीतरी विनंती करायची असते. 'माझी काळजी घ्या' असे म्हणायची पद्धत आहे. तर मित्रांनो, माझी काळजी घेऊ नका. काळजी घ्यायला आधी जागा लागते, आणि ती कोणी स्वतःच्या तुरीतली देत नाही.