सहावी पाकळी

खोऱ्यातली गावं एक होऊन नवं नगर होणार होतं, आणि त्याच्या ध्वजाचं चित्र समितीच्या बैठ्या टेबलावर पसरलं होतं. निळ्या कापडावर मधोमध पांढरं वर्तुळ, भोवती पाच पाकळ्या. गावं मात्र सहा होती. खिंडीपलीकडचं कुरोसावा सगळ्यांत शेवटी सामील झालं, तोवर चित्र काढून झालं होतं.

कुरोसावाच्या सुईणबाई, इत्सुयो, एवढ्यासाठीच खिंड उतरून आल्या होत्या. गावाचं नाव जाणार होतं, कचेरी जाणार होती. उरणार होती ती ध्वजावरची जागा, आणि तीही नाही हे कळल्यावर बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"वर्तुळ म्हणजे सलोखा," अध्यक्ष कामाता समजावत म्हणाले. "त्यात तुम्ही आलातच की, सुईणबाई."

"मग तुमचं गाव बसवा त्या सलोख्यात, आणि पाकळी आम्हाला द्या!"

बाकीचे सदस्य खाली बघून हसले. कामातांनी सावकाश चहाचा घोट घेतला.

"जरूर विचार करू," ते म्हणाले.

आता खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की 'जरूर विचार करू' म्हणजे नाही. तोंडावर नकार देणं बरं दिसत नाही, म्हणून माणसं असं म्हणतात. ऐकणारा समजून घेतो आणि मुकाट्याने घरी जातो. इत्सुयोबाईंनीही हे वाक्य कितीतरी जणांना ऐकवलं होतं.

पण त्या कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकल्या.

"उपकार झाले, अध्यक्षसाहेब! आमच्या गावाला पाकळी दिलीत!"

वर डोळ्यांना रुमालही लावला. कामाता "अहो, म्हणजे तसं नव्हे..." करेपर्यंत बाई दाराबाहेर.

गावात पोचताच त्यांनी घरोघरी चुली पेटवायला लावल्या. लाल चवळीचा चिकट भात शिजला, जो फक्त शुभप्रसंगी करतात. डबे भरून खोऱ्यातल्या घराघरांत पोचवायचे होते. असा भात परत पाठवता येत नाही, आणि खाल्ला की अभिनंदन करावंच लागतं.

"अगं, फजिती होईल," नवरा कुजबुजला.

"होऊ दे. तुम्ही तांदूळ धुवा."

कामातांनी घरी येऊन दोन वाट्या भात चापला आणि मग बायकोला विचारलं, "कुणाकडे काय झालं गं?"

"कुरोसावात. तुम्हीच पाकळी दिलीत म्हणे. मी अभिनंदनाची भेटही पाठवली."

कामातांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी घसा खाकरला. "सहा पाकळ्यांचं आपलं सुरुवातीपासूनच ठरलं होतं," ते म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही. भात सगळ्यांच्याच पोटात गेला होता.

नगराच्या पहिल्या दिवशी ध्वज वर चढला, वाऱ्याने झटक्यात उलगडला, आणि कुरोसावाची माणसं एका सुरात ओरडली. लगेच त्यांच्यात वादही पेटला. पाकळ्या सगळ्या सारख्याच. यातली आपली कुठली?

"कुठलीही म्हणा," कामाता हसून म्हणाले.

इत्सुयोबाईंना रडू आवरत नव्हतं आणि आनंदही मावत नव्हता. त्यांनी बाहीने तोंड पुसलं.

"सगळ्यांत वरची!" त्या गरजल्या. "वरची आमची!" आणि वळून थेट अध्यक्षांकडे पाहिलं.

कामाता सगळ्या नगरादेखत बाईंपुढे कमरेत खोल वाकले.