वाढत्या मापाची ग्रिप

गार्गीच्या घरात बरोबर मापाची वस्तू कधी येतच नसे. बूट यायचे ते पुढे कापूस कोंबून घालायचे, शाळेचा स्कर्ट यायचा तो कमरेला दुमडून नेसायचा. "वाढत्या अंगाची पोर आहे," एवढं आई म्हणाली की विषय संपला. गार्गी तेरा वर्षांची झाली, तरी तिच्या पायांनी अजून बुटांना गाठलं नव्हतं.

त्या वर्षी ती शाळेच्या नेमबाजी संघात शिरली. एअर पिस्तुलं शाळेची, सगळ्या मुलींनी मिळून वापरायची. सिंगापूरच्या दमट हवेत मूठ घामाने निसटते, म्हणून कोच मिस्टर कोह प्रत्येकीला एक रबरी ग्रिप देत. पायमोजा चढवावा तशी ती पिस्तुलाच्या मुठीवर चढवायची आणि सराव झाला की काढून घ्यायची. लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापं होती, आणि प्रत्येक मापात एक सपाट, एक बोटांसाठी खोबण्या असलेली. फॉर्म घरी आला आणि आईने, म्हणजे स्मिताने, क्षणभरही विचार न करता 'मोठी'वर खूण केली.

तेव्हापासून गार्गीचे छर्रे डावीकडे जायला लागले. एक-दोन नव्हे, सगळेच. कागदाचा मधला काळा गोल कोरा करकरीत, आणि डावी बाजू चाळणीसारखी. शनिवारी आंतरशालेय स्पर्धेसाठी नऊ मुलींतून चौघींची निवड होणार होती आणि गार्गी सहावी होती. पहिल्यांदाच तिला एखादी गोष्ट मनापासून हवी होती, आणि तीच हातातून सुटत चालली होती.

बुधवारी बिशान भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ती तोंड पाडून बसली, तेव्हा आजोबांनी विचारलं, "काय गं, नेम चुकतोय की मन?"

मनोहर आजोबा, आईचे वडील, वाईहून तीन महिन्यांसाठी आले होते. जातीचे कासार. पन्नास वर्षं बांगड्या भरलेल्या. समोरचीचा हात हातात घेतला, की दोन-चार मापाची बांगडी लागेल की दोन-सहाची, हे ते न मोजता सांगत.

गार्गीने सगळं सांगितलं. आजोबांनी तिचा उजवा हात घेतला आणि पेरं दाबून पाहिली.

"ते पिस्तूल घरी आणता येईल का? एकदा बघितलं असतं."

"आजोबा! इथे? नो लाह! माझ्याआधी पोलीस लिफ्टने वर येतील!"

"मग मुठीचा घेर किती, ते तरी?"

तो तिच्याकडे होता. सरावाच्या वेळी तिने मुठीला दोरा गुंडाळून माप घेतलं होतं, नुसतं ग्रिपशिवाय एकदा आणि ग्रिप चढवून एकदा. आजोबा खूश झाले. त्यांनी स्वयंपाकघरातून मळलेल्या कणकेचा गोळा उचलला, लाटण्याभोवती थापला आणि मोठ्या ग्रिपइतका जाड केला.

"धर. आवळू नकोस. आता ट्रिगरचं बोट पुढे कर. कुठपर्यंत पोचतं?"

"टोकच पोचतं."

"टोकाने ओढलंस की पिस्तूल सरळ मागे येत नाही, डावीकडे ढकललं जातं. बोटाची गादी टेकली पाहिजे." त्यांनी थोडी कणीक काढली. "आता?"

आता गादी बरोबर टेकली. इतकी सरळ गोष्ट, आणि तीन आठवडे ती स्वतःलाच दोष देत होती.

"अगंबाई! माझी पोळ्यांची कणीक!" आई दारात उभी होती.

"माप घेतोय," आजोबा म्हणाले.

गार्गीने लाटणं खाली ठेवलं. "आई, ती मोठी ग्रिप मला होत नाही."

"आज नाही होत. सहा महिन्यांत होईल की!"

"स्मिते, निवड शनिवारी आहे," आजोबा म्हणाले. "आणि तू कासाराची लेक. वाढत्या मापाची बांगडी भरलेली कधी पाहिलीस का? हात खाली केला की फरशीवर!"

आई हसू दाबत म्हणाली, "बरं, बरं. बदलून घे. पण ती कणीक आता तुम्ही दोघं खा."

आजोबांनी कणकेवर उठलेले बोटांचे ठसे निरखले आणि निकाल दिला, "मध्यम. आणि बोटांसाठी खोबण्या असलेली मिळते म्हणतेस ना, तीच घे. बोटं रोज एकाच जागी बसतील."

शनिवारी आजोबा शाळेच्या कँटीनमध्ये थांबले, कारण आत नेमबाजीच्या रेंजवर फक्त संघाला प्रवेश होता. मिस्टर कोहनी ग्रिपचा खोका पुढे केला. "पाच मिनिटं. तुझी तू निवड."

गार्गीने मध्यम, खोबण्यांची ग्रिप चढवली. मूठ धरली, डोळे मिटले, हात उचलला आणि डोळे उघडले. सरांनीच ही युक्ती शिकवली होती. ग्रिप बरोबर असेल, तर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा छोटा खुंट, आपोआप मागच्या फटीच्या मधोमध दिसते. माशी कडेला होती. पुन्हा केलं. पुन्हा कडेलाच. मग तिने बोटांकडे पाहिलं. करंगळी खोबणीत नव्हती, दोन खोबण्यांमधल्या उंचवट्यावर चढून बसली होती आणि सगळा पंजा वाकडा करत होती. कणीक तिच्या बोटांचं ऐकत होती. रबराने दुसऱ्याच कुणाच्या बोटांचं ऐकलं होतं.

पण आजोबा खोबण्यांची म्हणाले होते. आजोबांचा हात कधी चुकला नव्हता.

"दोन मिनिटं," सर म्हणाले.

गार्गीने ती ग्रिप उतरवली आणि मध्यम मापाचीच, पण सपाट चढवली. डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. माशी फटीच्या बरोबर मधोमध.

वीस छर्रे. पहिला किंचित वर गेला. दुसरा काळ्या गोलात. मग तिने मोजणं सोडून दिलं आणि फक्त बोटाची गादी सांभाळली.

यादी लागली तेव्हा ती चौथी होती, पाचवीपेक्षा एका गुणाने पुढे. ती धावत कँटीनमध्ये आली.

"घेतलं मला! चौथी!"

"वा, वा, शाब्बास!" आजोबांचे डोळे भरून आले. "खोबण्यांनी काम केलं म्हणायचं."

 गार्गीने खरं ते सांगितलं: खोबण्यांची उतरवून तिने सपाट चढवली होती.

आजोबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांचा अंदाज चुकला, असं पन्नास वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "करंगळी नेमकी कुठे बसत होती? सावकाश सांग. मला समजून घ्यायचंय."