टाचणीच्या टोकाएवढा देश

शिंप्याच्या लेकीला पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशातल्या दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली होती. होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, आणि बाबांनी सकाळपासून तोंडाला टाके घातले होते.

"माणसं तरी किती गं तिथे?" अखेर त्यांनी विचारलं.

तिनं बटणांचा डबा कापायच्या टेबलावर उपडा केला. "एक बटण म्हणजे एक कोटी. हा चीन, हा भारत." दोन भलेमोठे ढीग झाले. "हा रशिया, चौदा. आणि हा बांगलादेश, सतरा."

"काहीतरीच! नकाशावर रशिया केवढा ढगळ दिसतो!"

"जमीन ढगळ आहे बाबा, माणसं नाहीत."

"आणि तुझा तो?"

तिनं टाचणीचं टोक एका बटणाला टेकवलं. "याचे हजार तुकडे केले, तर त्यातला एक. दहाएक हजार माणसं."

"म्हणजे खिजगणतीतही नाही! आजारी पडलीस तर धावून येणार कोण? त्यापेक्षा एखाद्या ढिगात जा. माणसांत राहा."

काजं करत बसलेली आत्या म्हणाली, "दादा, लेक पाठवतोयस की मोर्चा?"

लेक हसली नाही. "मागं मोठ्या शहरात होते ना, तेव्हा तापानं फणफणले होते. दोन्ही बाजूंच्या भिंतींपलीकडे माणसं, पण दार कुणी वाजवलं नाही. तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नाही. आणि काल तुवालूहून तिथल्या दवाखान्यातल्या मुख्य परिचारिकाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, 'शिंप्याची मुलगी ना तू? तू येणार म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय. येताना काळा दोरा आण.'"

आत्यानं दातानं धागा तोडला. "देवानं माणसं ठोक शिवली नाहीत रे दादा. एकेकाचं माप घेतलंय त्यानं."

बाबा बटणं डब्यात भरू लागले. बांगलादेश रशियात मिसळला. एक बटण त्यांनी मागं ठेवलं. मग लेकीचा प्रवासाचा कोट खुंटीवरून काढला. सुई घेतली, पण डोळे भरल्यामुळे दोरा ओवता येईना. आत्यानं ओवून दिला. कोटाच्या आत, शिवणीपाशी, जादाचं बटण लावतात तिथे त्यांनी ते लावलं आणि गाठ पक्की मारली.

"घे. एक कोटी माणसं दिलीत सोबतीला," ते म्हणाले. "जा, कळव त्यांना. आणि काळ्या दोऱ्याची रिळं किती हवीत, तेही विचार."