पातळ पायपाची सायकल

माझा नवरा किती सज्जन आहे, ते पोलादपुरात कुणालाही विचारा. नोकरीवर जाण्यासाठी बायकोला मापाची सायकल करून देणारा, शहाण्णव साली गावात तो एकटाच. शेजारच्या आनंदीबाई अजून त्याचे गोडवे गातात.

मला जवळच्या कापडे गावातल्या एका शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली होती. वर्षभर टिकले असते तर कायम झाले असते. शाळेच्या वेळेला एस.टी. नव्हती, आणि मी इतकी बुटकी की दुकानातल्या लेडीज सायकलच्या पेडलला माझे पाय पुरत नसत. कमलाकर आपणहून म्हणाला, "महाडच्या इनायतभाईंकडून तुझ्या मापाची करून घेऊ." मला आकाश ठेंगणं झालं.

इनायतभाई सौदीत वेल्डिंग करून आलेले. त्यांनी माझं माप घेतलं आणि दोन हातांत दोन पाइप दिले. एक पाण्याच्या नळाचा, जाड. दुसरा बाहेरून तेवढाच, पण पातळ भिंतीचा, म्हणून हलका, बिनजोडाचा, कारखान्याच्या भंगारातून निवडून आणलेला.

"नळाचा मोडायचा नाय, पण चढाला जीव काढील," ते म्हणाले. "ह्यो पातळ हाय, पण पोलाद चांगलं हाय. बाई, रोज चालवायची तुमाला हाय. तुमीच सांगा."

मी पातळ सांगितला. लग्नानंतर माझ्या साड्यासुद्धा सासूबाई निवडायच्या, त्यामुळे हे सांगताना मला फार बरं वाटलं. कमलाकर शेजारी उभा राहून हसत होता.

सायकल आली. निळी, दिसायला गोड. चढावर मात्र हलता हलेना. "नवीन आहे, रुळेल," कमलाकर म्हणायचा. पुढे म्हणू लागला, "तुझ्या पायांतच बळ नाही गं." मी घामाने निथळत वर्गात शिरायची, मुलं फिदीफिदी हसायची, उशिराबद्दल बोलणी खायची ती वेगळीच. दुखऱ्या पायांना तेल चोळून द्यायचा तो कमलाकरच. दिवाळीनंतर मी राजीनामा दिला. "मी काही नको म्हटलं नव्हतं," तो चारचौघांत म्हणाला. खरंच म्हटलं नव्हतं. मी आपल्याच पायांना शिव्या देत स्वयंपाकघरात परतले.

पुढच्या वर्षी सायकल विकायची ठरवली. एस.टी.च्या टपावर टाकून एकटीच महाडला नेली. इनायतभाईंनी ती उचलून पाहिली.

"जड हाय. दूधवाला घेईल कोणतरी."

"जड कशी? पातळ पायपाची ना?"

ते गोंधळले. "नाय बाई. सायेब दुसऱ्या दिवशी परत आलते. नळाचाच लावा म्हणाले, बाईंना सांगू नका, उगाच हट्ट करतील. मला वाटलं, तुमची काळजी हाय."

कापड्याच्या शाळेत तोवर दुसऱ्या बाई कायम झाल्या होत्या.

घरी आले तेव्हा कमलाकर पेपर वाचत होता. इनायतभाईंनी सांगितलेलं सगळं मी त्याला ऐकवलं आणि विचारलं, असं का केलंस. त्याने पेपर खालीही ठेवला नाही.

"मी सरळ नको म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. भांडले असते, माहेरी जाऊन बसले असते, पण नोकरी सोडली नसती. नवऱ्याने मला इतकं नीट ओळखलंय, हे मला त्या दिवशी कळलं.